शर्टातली नीळ

माझ्या दुकानात येणारा माणूस चहा घेईल की नाही ते सांगता येत नाही, पण बसल्या बसल्या "जरा उजळ करा" म्हणणार, यावर मी पैज लावायला तयार आहे. फोटो वडिलांचा असो, आजीचा असो, नाहीतर अपघातात गेलेल्या चुलत्याचा असो. माणूस गेला की लोक त्याचं सगळं माफ करतात, रंग तेवढा माफ करत नाहीत.

मी श्रीगोंद्यात माणसांची चित्रं काढते. बहुतेक माणसं गेलेली असतात. वर्षश्राद्ध जवळ आलं की घरच्यांच्या लक्षात येतं, भिंतीवर लावायला धड फोटो नाही. मग आधार कार्डावरचा, लग्नाच्या पंगतीतला, वाळवीने कोपरे खाल्लेला, असा कसलाही फोटो घेऊन ते येतात. तो समोर ठेवून मी कॉम्प्युटरवर चेहरा नव्याने रंगवते. पाटीएवढा एक टॅबलेट असतो आणि शाई नसलेलं एक पेन. पाटीवर पेन फिरवायचं, रंग समोरच्या पडद्यावर उमटतो. काम झालं की कॅनव्हासवर छापायचं आणि फ्रेम करायची. गिऱ्हाइकाला वाटतं की कॉम्प्युटर आपोआप करतो. मी आता त्यांना दुरुस्त करत नाही. गवंड्याला कुणी म्हणत नाही की थापी आपोआप फिरते, पण गवंड्याला घाम येतो, मला येत नाही, एवढाच फरक.

हा धंदा दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. त्यांचा स्टँडजवळ स्टुडिओ होता. काळ्यापांढऱ्या फोटोला काडीवरच्या कापसाने ते रंग देत. ओठाला गुलाबी, लुगड्याला हिरवा, दागिन्याला पिवळा. चेहरा उजळ करायची सोय तर त्याच्याही आधीची. निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीने घोटलं की छापलेल्या फोटोत माणूस दोन छटा गोरा व्हायचा. तेव्हाच्या सगळ्या स्टुडिओंत हे चालायचं आणि कुणी सांगायचंही नाही. त्यामुळे जुना फोटो हा पुरावा म्हणून फारसा कामाचा नसतो, हे मी जन्मापासून जाणून आहे.

बाहेरच्या माणसाला या कामातली एकच गोष्ट सांगायची तर मी ही सांगेन: रंग वस्तूच्या सातबाऱ्यावर नसतो. तो उजेडाचा असतो आणि वस्तूकडे नुसता कसायला दिलेला असतो. तीच साडी सकाळी वेगळी, ट्यूबलाइटखाली वेगळी. साडीच्या दुकानातून बायका साडी घेऊन दारात येतात त्या उगाच नाही. आमच्याकडे कारखान्याचं गळीत सुरू झालं, तोडलेल्या रानांत उसाचं पाचट पेटलं की संध्याकाळचा उजेड तांबूस होतो. त्या दिवसांत दुपार टळली की मी चेहऱ्याचे रंग ठरवत नाही. ठरवले तर दुसऱ्या दिवशी सगळे पुन्हा करावे लागतात. दुकानाची एक खिडकी उत्तरेला आहे. तिच्यातून ऊन कधी आत येत नाही, नुसता उजेड येतो आणि तो दिवसभर फारसा बदलत नाही. त्या खिडकीसाठी मी हे दुकान सोडलेलं नाही, नाहीतर जागा तशी आडबाजूला आहे.

दुसरी गोष्ट सावलीची. नवीन शिकणारा सावली काळ्याने करतो आणि चेहऱ्याला काजळी लागल्यासारखं दिसतं. सावलीलाही रंग असतो. एकदा खर्ड्याला भाचीच्या लग्नाला गेले होते. मांडवातून निघून सगळे किल्ला बघायला गेले, फोटो काढत बसले आणि मी भिंतीच्या सावलीकडे बघत उभी राहिले. उन्हातला दगड पिवळट आणि सावलीतला निळसर, कारण सावलीत उजेड येतो तो आकाशाचा. बहीण म्हणाली, "लग्नाला आलीस का मोजणीला?"

उजेडाच्या बाबतीत लोक स्वतःला वाटतं त्यापेक्षा हुशार असतात. राहात्याकडचे एक पेरूचे बागायतदार आले होते. त्यांना आजोबा हवे होते आणि शेजारी बैलजोडी. आजोबा जुन्या स्टुडिओतले, उजेड डावीकडून. बैल आत्ताचे, भर दुपारी मोबाईलवर काढलेले, ऊन थेट पाठीवर. मी म्हटलं, दोन्ही एका उजेडात आणावे लागतील, वेळ लागेल. ते म्हणाले, "ऊन कोन बघतंय? बैल बघतील लोक." घाईत होते, तसंच छापून घेऊन गेले. पुढच्याच आठवड्यात चित्र परत आलं. घरातल्या नातीने म्हणे पहिल्याच दिवशी विचारलं होतं, आजोबा चिकटवलेत का? कुठे चुकलं ते तिला सांगता आलं नसतं, पण एका चित्रात दोन सूर्य आहेत हे तिच्या डोळ्याने ओळखलं होतं. मी बैलांच्या पाठीवरचं ऊन उतरवलं, आजोबांच्या बाजूने आणलं आणि मग कुणी काही बोललं नाही.

अशी चित्रं खूप झाली. उजळ करा म्हणाले की थोडं उजळ करायचं, फार अंगावर आले तर थोडं जास्त. तालुक्यातल्या भिंतींवर माझ्या हातची इतकी गोरी माणसं लागली आहेत की ती सगळी एकत्र जमली तर हे कोणत्या गावचे, असा प्रश्न पडेल. त्यात मला फार वाईट वाटतं अशातला भाग नाही. धंदा आहे. पण उलटी मागणी करणारं गिऱ्हाईक आयुष्यात एकच आलं, आणि ते भामाबाई.

आधी आला तिचा मुलगा. बबनराव, कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर कामाला, पन्नाशीच्या आसपासचे. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "मॅडम, आईचं ऑपरेशन तुमच्यापायी अडलंय."

मी म्हटलं, मी काय डॉक्टर आहे का?

त्यांनी खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोटो काढला. तळहाताएवढा, काळापांढरा. जत्रेतल्या तंबूच्या स्टुडिओत काढलेला असावा, मागे पडद्यावर रंगवलेला जिना. त्याच्यापुढे पांढरा शर्ट घातलेला, तिशीच्या आतला माणूस. हे बबनरावांचे वडील. विहिरीच्या कामावर दरड कोसळली त्यात गेले. बबनराव तेव्हा आईच्या पोटात होते. म्हणजे बापाला त्यांनी पाहिलं ते एवढ्या फोटोतच.

"आईचा येक डोळा मागंच गेला," ते म्हणाले. "ऊस तोडताना पाचट घुसलं डोळ्यात. आता ह्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय. नगरचे डाक्टर म्हनत्यात, लवकर करा, नंतर अवघड हाय. आन् ही म्हनती, ह्यो बी डोळा गेला तर? आदी मालक रंगात बगते, मंग काय चिरायचं ते चिरा."

भीती अगदीच वेडगळ नव्हती. राहिलेला एकच डोळा टेबलावर ठेवायचा म्हटल्यावर कुणालाही घाम फुटेल. बबनरावांनी मोबाईलमधल्या ॲपवर फोटो रंगीत करून बघितला होता. तो त्यांनी मला दाखवला. ॲपने बापाला गुलाबी गाल दिले होते आणि पांढरा शर्ट खाकी केला होता. आईने तो मोबाईल डोळ्याशी धरला आणि म्हणाली होती, "ह्यो कुनाचा पाव्हना?"

मी विचारलं, वडिलांचा रंग कसा होता ते सांगणारं दुसरं कुणी आहे का? भाऊ, बहीण, कुणी सोबती?

"कुनीच ऱ्हायलं न्हाई. आईच हाय."

म्हणजे साक्षीदार एक, त्याचा डोळा एक, आणि त्या डोळ्यावर जाळं. मी म्हटलं, आईला घेऊन या.

भामाबाई आली ती काठी टेकत, बबनरावांच्या दंडाला धरून. सत्तरी ओलांडलेली, वाळकी, ताठ. नऊवारी नेसलेली, पदर डोक्यावर. खिडकीजवळच्या खुर्चीत बसली आणि उजेडाकडे तोंड करून म्हणाली, "पोरी, उजेड बरा हाय तुझ्याकडं."

माझी साठी दोन वर्षांवर आली आहे. पण पोरी म्हटल्यावर बरं वाटलं, म्हणून मी गप्प राहिले.

मी तिला विचारलं, एवढ्या वर्षांनी रंगातच का बघायचंय?

ती म्हणाली, "डोळं मिटलं की त्ये मला रंगात दिसायचे. उघडलं की ह्यो काळापांढरा. आता मिटल्यावर बी पुसट व्हाय लागलेत."

मी पडद्यावर चेहरा तयार करून ठेवला होता. सवयीने, हात जातो तसा, माझा नेहमीचा गव्हाळ रंग दिला होता. तिने मान पुढे काढून, पडद्याला नाक लागेल इतक्या जवळून पाहिलं.

"ह्यो तर तलाठी दिसतोय," ती म्हणाली.

"गोरा झाला का?"

"सावलीत बसून कागद खालीवर करनारा. आमचं मालक उन्हातले हुते."

तिच्यासमोर मी रंग उतरवत गेले. एक छटा, दोन छटा. काळेपणा जमत आला तशी तिने दुसरीच तक्रार काढली. "पिवळा दिसतोय. कावीळ झाल्यावानी." मी पिवळा कमी केला. "आजून हाय." आणखी कमी केला, निळा वाढवला. "आजून थोडा." असं करत करत शेवटी ती खुर्चीत मागे टेकली. "हां. आता जमाय लागलं."

बबनराव माझ्या खांद्यावरून बघत होते. पडद्यावर जो माणूस होता तो पिकल्या जांभळाच्या रंगाचा होता.

"मॅडम," ते हळूच म्हणाले, "आमचा बाप असा हुता व्हय?"

मी भामाबाईच्या डोळ्याकडे नीट पाहिलं. खिडकीचा उजेड बाजूने पडत होता. बाहुलीत मध्यभागी तपकिरी झाक होती, कोऱ्या चहासारखी. आणि मला दादा आठवले. दादांना मोतीबिंदू झाला तेव्हाही ते फोटो रंगवत होते आणि त्या काळातले त्यांचे सगळे फोटो विचित्र निळसर आहेत. आम्हाला वाटायचं, म्हातारपणी आवड बदलली. ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, घरी आले आणि पहिल्यांदा म्हणाले, "भिंतीच्या चुन्यात एवढी नीळ कुणी घातली?" भिंत होती तशीच होती. वर्षानुवर्षं ते पिवळ्या काचेतून बघत होते, काच निघाल्यावर जगात निळा रंग परत आला होता. मग त्यांनी त्यांचे ते शेवटचे फोटो पाहिले आणि रंगांची पेटी माळ्यावर टाकली. पुन्हा काढली नाही. मला ते बघवलं नव्हतं.

भामाबाईचं तेच होतं. तिच्या डोळ्यात आधीच पिवळं भरलेलं, म्हणून माझ्या रंगातला पिवळा ती काढायला लावत होती. आता तिला पटेल असा नवरा रंगवावा, तर ऑपरेशननंतर तिच्यासमोर जांभळा माणूस उभा राहणार. आणि माझ्या अंदाजाने बरोबर रंगवावा, तर आज ती हा नव्हे म्हणणार आणि ऑपरेशनला जाणार नाही.

मी बबनरावांना बाहेर ओट्यावर नेऊन हे सांगितलं. त्यांना ते कळलं, पण त्यांचा विचार वेगळा होता. "तिला दिसतंय कुठं? ती जमलं म्हनती ना, मंग ह्योच छापा. ऑपरेशन तर करून घील. नंतरचं नंतर बगू."

धंद्याच्या दृष्टीने सल्ला अगदी बरोबर होता. गिऱ्हाईक खूश, काम संपलं. पण मला पटेना. ऑपरेशन झाल्यावर ती पहिल्यांदा काय बघणार, ते ठरलेलं होतं. आणि त्या दिवशी तिला चुकीचा माणूस दिसला, तर मिटल्या डोळ्यांतला बरोबर माणूसही जाईल, अशी मला खरोखर भीती वाटली. डोळ्यासमोरचं चित्र मनातल्या चित्राला खाऊन टाकतं, हे मी या धंद्यात फार वेळा पाहिलेलं आहे. पोरं माझ्याकडून गोरा बाप घेऊन जातात आणि दोन-तीन वर्षांनी शपथेवर सांगतात की बाप गोराच होता.

मी म्हटलं, मला थोडा वेळ द्या. ते म्हणाले, डाक्टर देत न्हाईत. शेवटी पुढच्या बाजारच्या दिवशी या, असं ठरलं.

त्या दिवसापर्यंत मला मार्ग काही सुचला नव्हता. तो भामाबाईनेच दिला, बोलता बोलता. बबनराव बाजारात गेले होते, आम्ही दोघीच होतो. मी विचारलं, तुम्ही मालकांना पहिल्यांदा बघितलं कधी?

"लग्नात."

"मग चेहरा कसा वाटला?"

"तोंड कुनी बगितलं?" ती म्हणाली. "तवा मान वर करायची सोय हुती का? मुंडावळ्या, वरनं पदर. पाटावर बसवलं, होम पेटला, भटजी म्हनले हाताला हात लावा. तवा त्यांचा हात दिसला. माझ्या हाताशेजारी. मी म्हनलं, अगं बया, माझ्यापरीस येक पायरी काळा हाय." ती हसली. "तवर समदे मलाच काळी म्हनायचे."

मी पेन खाली ठेवलं. एवढे दिवस मी तिला चेहऱ्याचा रंग विचारत होते आणि तिला पक्का ठाऊक होता तो हात, तोही स्वतःच्या हाताच्या तुलनेत. तुलना मिळाली म्हणजे सगळं मिळालं. डोळा कितीही पिवळा असू दे, तो तिचा हातही पिवळा करणार आणि माझा रंगही पिवळा करणार. दोघांमधलं अंतर तेवढंच राहणार. तराजूची दोन्ही पारडी सारखीच खोटी असली तर वजनात फरक पडत नाही.

पडद्यावर मात्र हे जमणार नव्हतं. पडद्याला स्वतःचा उजेड असतो आणि हाताला खिडकीचा उसना. दोघांची तुलना करायची तर रंगही उसन्या उजेडात आणायला हवा, म्हणजे कागदावर. मी तिला पदर सारून दंड दाखवायला सांगितलं. झंपरच्या बाहीच्या आत, जिथे ऊन कधी लागलं नव्हतं तिथे कातडी अजून तरुण रंगाची होती. लग्नात हात याच रंगाचा असणार. तिथे डोळे लावून मी रंग तयार केला, कागदावर पट्ट्या छापल्या आणि एकेक पट्टी दंडाला लावून खिडकीत धरली. एक पट्टी अशी निघाली की ती दंडावर कुठे संपते ते मलाही दिसेना.

"दिसतीय का पट्टी?"

"कुठं हाय?" ती म्हणाली.

तिच्या डोळ्याला आणि माझ्या डोळ्याला एकच उत्तर आलं, तेव्हा मला हायसं वाटलं. मग त्या रंगापासून काळ्याकडे उतरत गेले. एकेक पट्टी तिच्या दंडाशेजारी धरायची आणि ती सांगायची: ह्यो न्हाई, ह्यो न्हाई, ह्यो जरा लाल. एका पट्टीशी ती थांबली. स्वतःचं बोट तिच्यावर ठेवलं, उचललं, परत ठेवलं.

"ह्यो," ती म्हणाली.

हाताचा रंग सापडल्यावर तिथून चेहऱ्यापर्यंत मी पोचले. चेहरा हातापेक्षा किती तापतो, कपाळ कुठे चकाकतं, डोळ्याखाली सावली कोणत्या रंगाची, ते माझं काम होतं आणि ते मला येतं. फोटोतला उजेड डावीकडून होता, तो तसाच ठेवला, पण तंबूतल्या दिव्याचा न ठेवता सकाळच्या उन्हाचा केला. उन्हातले मालक म्हणाली होती ना.

राहिला शर्ट. शर्टावर तिने मला हैराण केलं. मी पांढरा शर्ट रंगवला होता तो तिला कळकट दिसत होता. साहजिकच होतं, पिवळ्या काचेतून पांढरं कळकटच दिसणार. "मी असा शर्ट दिला असता व्हय त्यांना? येकच पांढरा शर्ट हुता. कॅनॉलवर धुवायची मी, घासून घासून. नीळ घाल, पोरी, नीळ." मी सावलीच्या घड्यांत निळा घातला, तो तसाही आकाशातून येतोच. तिचं समाधान झालं नाही. आणखी घातला. आणखी. शर्टाला तुलना करायला हात नव्हता. मी विचार केला, चेहरा बरोबर आहे, शर्टाने कुणाचं काय बिघडतंय? ऑपरेशन होऊ दे, मग शर्ट उतरवू. आणि तिला हवी तेवढी नीळ घातली. बबनरावांनी बघितलं आणि म्हणाले, "शर्ट जरा बँडवाल्याचा वाटतोय." मी त्यांना गप्प राहायची खूण केली.

छापलेलं चित्र तिने खिडकीत धरून पाहिलं. डोळा अगदी जवळ नेऊन, कपाळापासून शर्टाच्या बटणापर्यंत, वाचल्यासारखं. मग म्हणाली, "बबन, सांग डाक्टरला."

ऑपरेशन झालं. नीट झालं. हे मला बबनरावांच्या फोनवरून कळलं. पुढे बरेच दिवस त्यांचा फोन नाही. मी दुसरी कामं करत होते, पण मन तिकडे होतं, हे कबूल करायला हवं. एरवी चित्र दुकानाबाहेर गेलं की मी ते विसरते. मग एके दुपारी बबनराव म्हणाले, "मॅडम, आईनं बोलवलंय. चित्रात कायतरी हाय म्हनती. मला सांगत न्हाई."

मी लॅपटॉप आणि पाटी पिशवीत भरली आणि एसटीने गेले. गाव जवळच, दोन्ही बाजूंनी ऊस. भामाबाई दारातच बसली होती. मी समोर आले तशी तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"तू एवढी म्हातारी हायस व्हय?" ती म्हणाली. "आवाजावनं पोरगी वाटलीस."

चित्र दाराच्या समोरच्या भिंतीवर लावलं होतं. दारातून उजेड थेट त्यावर येत होता, जागा चांगली निवडली होती. ती उठली, काठीशिवाय चालत चित्राजवळ गेली, आणि पदर सारून दंड चित्रातल्या चेहऱ्याशेजारी धरला. कुणी सांगितलं नव्हतं. ती दंडाकडे बघत होती, मग चेहऱ्याकडे, परत दंडाकडे.

"माझा हात काय असा न्हवता दिसत," ती म्हणाली. "निराळाच दिसाय लागलाय आता. पन त्ये बी तसेच निराळे झालेत. येक पायरीचा फरक हाय तेवढाच हाय."

"म्हणजे बरोबर आहे?"

"त्येच हायेत," ती म्हणाली. तिच्या डोळ्यातून पाणी आलं. बबनराव लगबगीने म्हणाले की डोळ्याला पाणी चालत न्हाई, आणि ती म्हणाली, हात लावत न्हाई, येऊ दे.

मग तिने बोट शर्टावर ठेवलं.

"ह्यात नीळ लई झालीय."

मी याचीच वाट बघत होते. म्हटलं, ते मला माहीत आहे, तेव्हा तुम्हाला डोळ्यामुळे तसं दिसत होतं, मी मुद्दामच ठेवलं होतं. सगळं सोबत आणलंय. इथेच कमी करून देते, नवीन छापून पाठवते. मी पिशवीची चेन उघडायला लागले.

"नगं," ती म्हणाली.

बबनराव म्हणाले, "आगं, मॅडम करत्यात कमी. लोक इचारत्यात मला, शर्ट निळा हाय का पांढरा."

"मालकबी इचारायचे," भामाबाई म्हणाली. ती चित्राकडेच बघत होती. "शर्ट घातला की म्हनायचे, बया, किती नीळ घालतीस? गावात हसत्यात मला, निळा झालोय म्हनत्यात. मी म्हनायची, हसू द्या, पांढरं तर दिसतंय. पुन्यांदा धुतला की पुन्यांदा तेच. मला दिसायचंच न्हाई कुठं जास्त झाली ते. आता दिसलं. खरंच लई घालायची मी."

मी चेन परत लावली.

"ऱ्हाऊ दे तसाच," ती म्हणाली. "तेवढं येकच भांडान हुतं आमचं."

बापाच्या तोंडचं एक वाक्यही बबनरावांनी तोवर कधी ऐकलेलं नव्हतं. ते खाटेवरून उठले, चित्राजवळ गेले आणि शर्टाकडे बघत उभे राहिले.